दूरच्या दवाखान्यातील परिचारिका आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. त्यांपैकी औषधदानाची वाट समाजातील संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने चालविली. धर्मार्थ दवाखाना झाला, अल्प दरातील रक्ततपासणी झाली, फिरते रुग्णालय झाले. पण सर्वांत अधिक लोकादर मिळाला तो नेत्रशिबिराला. गावोगावच्या न्यासांचे अहवाल चाळले तर हिरव्या पट्टीने डोळा झाकलेल्या वृद्धांच्या रांगेचे छायाचित्र त्यात हमखास सापडते. मोतीबिंदूचे एक वैशिष्ट्य आहे. आपल्याला दिसत नाही, हे त्या रुग्णाला ठाऊक असते. तो आपण होऊन शिबिराचा दिवस विचारीत येतो. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटते, नातवाचे तोंड दिसते, आणि दात्यालाही आपल्या दानाचे फळ तेथल्या तेथे पाहावयास मिळते.

परंतु अंधत्वाचे आणखी एक कारण आता समाजात बळावले आहे. त्याचा रुग्ण शिबिराकडे फिरकतच नाही, कारण त्याला सर्व काही स्वच्छ दिसत असते. हा विकार म्हणजे मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा आजार. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे त्यातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होतात, त्यांतून द्रव पाझरू लागतो, बारीक रक्तस्राव होतात. पुढच्या अवस्थेत तेथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटून येतात. सुरुवातीची काही वर्षे डोळा दुखत नाही, लाल होत नाही, वहीतले आकडेही नीट वाचता येतात. दृष्टी अंधुक झाल्याचे जाणवते तेव्हा बहुधा बराच उशीर झालेला असतो. लेझर किरणांनी अथवा डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली सहसा परत मिळत नाही. म्हणून मधुमेहींनी, दिसत असले तरी, साधारणपणे वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या समाजाला मधुमेह काही परका नाही. (पर्युषणात अठ्ठाईचा संकल्प करणाऱ्या मधुमेहींनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, हे विषयांतर झाले तरी येथे सांगून ठेवणे अगत्याचे आहे.)

आता ही तपासणी करणार कोण? नेत्रतज्ज्ञ शहरात असतात. मधुमेही मात्र सर्वत्र आहेत. यावर मार्ग असा निघाला की, दृष्टिपटलाचे छायाचित्र गावातच काढावे आणि तज्ज्ञाने ते दुरून पाहावे. मदुराई येथे १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने या बाबतीत देशाला बरेच शिकविले. ग्रामीण भागातील मुलींना नेत्रसाहाय्यक म्हणून शिक्षण देऊन त्यांच्या हाती मोठी जबाबदारी सोपविणे, हा त्या संस्थेच्या कार्याचा कणा राहिला. २००४ पासून तिने खेड्यांत दृष्टिकेंद्रे उघडली. तेथे प्रशिक्षित कन्या रुग्णाला तपासते आणि मुख्य रुग्णालयातील डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरून रुग्णाशी बोलतात. यातही तज्ज्ञाची नजर लागतेच, आणि तज्ज्ञाचे तास मोजकेच असतात.

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, ज्याला सर्वजण आता एआय म्हणतात त्याचा, प्रवेश झाला. गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक प्रबंध प्रसिद्ध केला. दृष्टिपटलाची १,२८,१७५ छायाचित्रे त्यांनी संगणकास दाखविली होती. प्रत्येक छायाचित्रावर अनेक डॉक्टरांनी आपले मत नोंदविले होते, आणि या कामी ५४ डॉक्टर खपले होते. ही छायाचित्रे अमेरिकेतील होती, तशीच भारतातील नेत्ररुग्णालयांमधीलही होती. हजारो ठाण उलगडून पाहिल्यावर जुन्या मुनिमाला सुताचा पोत बोटांनी कळू लागतो, त्यातलाच हा प्रकार. कोणता ठिपका कशाचा, हे संगणकाला एकेक नियम देऊन सांगितलेले नव्हते. छायाचित्र आणि त्यावरील डॉक्टरांचे मत यांची जोडी लाखवेळा पाहून त्याने ते हेरले. निकाल तज्ज्ञांच्या तोडीचा निघाला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले आणि अनेकांना वाटले, प्रश्न सुटला.

प्रश्न प्रयोगशाळेत सुटला होता. दवाखान्यात काय झाले, त्याची हकिकत थायलंडची आहे. परदेशाचा दाखला येथे घेण्याचे कारण असे की, हे यंत्र परिचारिकांच्या हाती दिल्यावर काय घडते याची इतकी प्रामाणिक नोंद क्वचितच झाली असेल. आणि ती नोंद यंत्र घडविणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केली, आपले दोष न लपविता केली. व्यापारात असा माल-तपासनीस मिळणे दुर्मीळच म्हणावे.

थायलंडमध्ये त्या वेळी सुमारे ४५ लाख मधुमेही होते. नेत्रतज्ज्ञ साधारण १,५००, आणि त्यांपैकी दृष्टिपटलाचे विशेषज्ञ अवघे २०० च्या घरात. तेथील सरकारी दवाखान्यांत मधुमेहींच्या डोळ्यांची छायाचित्रे काढण्याचे काम परिचारिका आधीपासून करीत होत्या. ती छायाचित्रे नेत्रतज्ज्ञाकडे जात आणि उत्तर येईपर्यंत काही आठवडे लोटत. नोव्हेंबर २०१८ पासून ऑगस्ट २०१९ पर्यंत संशोधक पथुम थानी आणि चियांग माई या प्रांतांतील ११ दवाखान्यांत गेले, तेथे बसले, परिचारिकांशी बोलले. आता छायाचित्र संगणकाला दाखवावयाचे आणि दहा मिनिटांच्या आत उत्तर घ्यावयाचे, अशी नवी पद्धत होती. आठवड्यांचे काम मिनिटांवर आले. रुग्ण समोर बसलेला असतानाच त्याला त्याच्या डोळ्याची स्थिती सांगता येऊ लागली. मधुमेहाच्या रुग्णाला पथ्याचा उपदेश करून करून थकलेल्या परिचारिकेला याचे मोल विशेष वाटले, कारण उपदेश आणि पुरावा एकाच बैठकीत देता येऊ लागला.

पण पहिल्या सहा महिन्यांत यंत्राला दाखविलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के छायाचित्रे यंत्राने नाकारली. 'दर्जा अपुरा आहे, वाचता येत नाही,' एवढेच त्याचे म्हणणे. ज्या छायाचित्रांवर ते शिकले होते ती उत्तम प्रतीची होती. त्याहून हलक्या प्रतीवर मत देऊन चूक करण्यापेक्षा मौन बरे, अशीच त्याची रचना होती, आणि तत्त्वतः ती योग्यही होती. मग दोष कोठे होता? तो होता प्रकाशात.

डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावून हे छायाचित्र घ्यावे लागते. बाहुली अंधारात मोठी होते, उजेडात आकसते. म्हणून खोली काळोखी हवी. ११ दवाखान्यांपैकी केवळ दोन ठिकाणी अंधार करता येईल अशी स्वतंत्र खोली होती. इतरत्र हे काम ज्या खोल्यांत चाले तेथे अन्य कामेही चालत आणि दिवे मालविणे शक्य नसे. त्यात एका डोळ्यावर कॅमेऱ्याचा झोत पडला की दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही आकसते. मग पुन्हा ती मोठी होईपर्यंत थांबावे लागते. रांगेत शंभर-दीडशे माणसे उभी असताना थांबणे किती अवघड, हे सणासुदीच्या गर्दीत गल्ला सांभाळलेल्या कोणालाही समजेल. कापडाच्या धंद्यात तर ही गोष्ट जुनीच आहे. दुकानातील ट्यूबच्या उजेडात काळा आणि गडद निळा यांत फरक कळत नाही. जाणते गिऱ्हाईक पदर हाती घेऊन दाराशी, दिवसाच्या उजेडात जाते. नजर कितीही तयार असो, प्रकाश चुकला की निवाडा चुकतो. मग ती नजर माणसाची असो की संगणकाची.

परिचारिकांची नाराजी मात्र निराळ्याच कारणाने होती. एखाद्या छायाचित्राच्या कडेला थोडासा धूसर भाग असे. अनुभवी परिचारिकेच्या मते बाकीचा भाग पुरेसा स्पष्ट असे. परंतु यंत्र ते सबंध छायाचित्र परत फेकी. ती पुन्हा काढी, पुन्हा नकार येई. तिचे ज्ञान तेथे जमेस धरलेलेच नव्हते. दुसरी अडचण इंटरनेटची. छायाचित्र दूरच्या संगणकाकडे पोहोचण्यास ६० ते ९० सेकंद लागत. एके ठिकाणी एका दिवशी इंटरनेट दोन तास बंद पडले आणि २०० रुग्ण तपासावयाचे तेथे १०० च तपासून झाले. उरलेल्या शंभरांनी काय केले, हे अहवालात नाही. पण मजुरी बुडवून आलेला माणूस दुसऱ्यांदा येतोच असे नाही, हे सांगावयास अहवाल लागत नाही.

आता या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाचा भाग. अभ्यासाच्या नियमाप्रमाणे ज्याचे छायाचित्र यंत्राने नाकारले त्यालाही नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावयाचे होते. नियम सावधपणाचाच होता. पण तज्ज्ञ दूरच्या रुग्णालयात. तेथे जावयाचे म्हणजे एक दिवसाची रजा, प्रवासाचा खर्च, सोबत कोणीतरी. आणि तेथे गेल्यावर कदाचित कळावयाचे की डोळ्यात काहीही बिघाड नाही. परिचारिकांना हे दिसत होते. तेव्हा काही दवाखान्यांतील परिचारिकांनी रुग्णांना या अभ्यासात भाग घेण्यापासूनच परावृत्त केले. त्यांना वाटले, या तपासणीने रुग्णाला विनाकारण त्रास होईल.

या वागण्याला आळस म्हणता येणार नाही, नव्या यंत्राची भीती तर मुळीच नाही. ज्या स्त्रीला रुग्णाचे घर, त्याची कमाई आणि बसचे वेळापत्रक ठाऊक होते तिने केलेला तो हिशेब होता. तो हिशेब सर्वांशी बरोबर होता असेही नाही. नाकारलेल्या छायाचित्रांमागे एखादा खरोखरीचा रोगी असू शकतो, आणि मोतीबिंदूमुळेही छायाचित्र धूसर येते. म्हणजे ज्याला पाठवू नये असे तिला वाटले तोच कदाचित पाठविण्याजोगा असेल. परंतु दोष तिच्या माथी मारण्यापूर्वी एवढे विचारले पाहिजे की, पुढच्या प्रवासाची सोय कोणी केली होती? संशोधकांना हे उमगले, ही त्यांची थोरवी. पुढे कार्यपद्धती बदलण्यात आली. नाकारलेले छायाचित्र आधी नेत्रतज्ज्ञाने रुग्णाच्या नोंदींसह पाहावयाचे आणि मगच त्याला बोलवावयाचे की नाही हे ठरवावयाचे, असे झाले. एका ओळीचा बदल. तो सुचला परिचारिकांशेजारी बसल्यामुळे.

या अहवालात आणखी एक लहानशी नोंद आहे, आणि ती वाचून समाधान वाटते. काही परिचारिकांनी या यंत्राकडे शिक्षक म्हणून पाहिले. छायाचित्र पाहून आधी आपले मत मनाशी ठरवावे आणि मग यंत्राचे मत पाहावे, असे केले तर आपलाही हात बसेल, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखविली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतःच्या जिज्ञासेने. यंत्रामुळे माणूस आळशी होतो अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती खरीही आहे. हिशेबयंत्र आल्यापासून तोंडी पावकी-निमकी कोणाला येते? पण आधी आपले उत्तर आणि मग यंत्राचे, हा क्रम पाळला तर तेच यंत्र विद्या वाढविते. क्रम उलटा झाला, म्हणजे यंत्राचे उत्तर आधी पाहिले, की पुढे डोळा तेच पाहू लागतो.

मोठ्या प्रमाणावरील निकालही पुढे आला. थायलंडमधीलच ९ प्राथमिक आरोग्य केंद्रांत डिसेंबर २०१८ ते मार्च २०२० या काळात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७,६५१ रुग्णांचा विचार केला होता. दृष्टी घालवू शकणाऱ्या अवस्थेतील विकार ओळखण्यात यंत्र ९१.४ टक्के वेळा यशस्वी ठरले. तीच छायाचित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांचे प्रमाण ८४.८ टक्के होते. निरोगी डोळ्याला निरोगी म्हणण्यात दोघेही ९५ टक्क्यांच्या पुढे, जवळजवळ बरोबरीत. म्हणजे यंत्राने चांगले काम केले, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचला तर असे दिसते की, खऱ्या रोग्यांपैकी शंभरात आठ-नऊ जण यंत्राच्या नजरेतून निसटले. त्या आठ-नऊ जणांना 'काही नाही' असे सांगणारी व्यक्ती कोण? पुन्हा परिचारिकाच.

येथे स्याद्वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. स्यात् या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा सरधोपट केला जातो. जाणकार तसा करीत नाहीत. 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा तो अर्थ आहे. यंत्राच्या उत्तराला हे नेमके लागू पडते. पडद्यावर 'विकार नाही' असे उमटते, ते या छायाचित्राच्या अपेक्षेने, या प्रकाशाच्या अपेक्षेने, आणि त्याला शिकविलेल्या एका रोगाच्या अपेक्षेने. केवळ मधुमेही विकार ओळखावयास शिकलेले यंत्र काचबिंदूविषयी अवाक्षर काढणार नाही. रुग्ण मात्र घरी जाऊन सांगेल की मशीनने डोळा पास केला. म्हणून अशा यंत्राचे प्रशिक्षण म्हणजे कोणते बटण केव्हा दाबावे एवढेच नव्हे. यंत्र कशाविषयी बोलते आणि कशाविषयी मूक आहे, हे परिचारिकेला स्पष्ट शिकविले पाहिजे, आणि तेच रुग्णाला त्याच्या भाषेत सांगण्याचा सराव तिच्याकडून करून घेतला पाहिजे. 'ताई, मशीन म्हणते ठीक आहे, पण तुम्हाला झळाळ्या दिसतात म्हणता, तर डॉक्टरांना दाखवाच,' असे म्हणण्याचे धैर्य तिला शिक्षणातून यावयास हवे, आणि तसे म्हटल्याबद्दल वरून बोलणी खावी लागणार नाहीत याची हमीही हवी.

भारतात हा विषय आता दारात येऊन उभा आहे. २०१८ पासून देशभर उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य व कल्याण केंद्रांत होऊ लागले; २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात. अनेक राज्यांत ते परिचर्या शास्त्राचे पदवीधर अथवा पदविकाधारक असतात. महाराष्ट्रात आयुर्वेदाचे पदवीधरही मोठ्या संख्येने आहेत. ई-संजीवनी ही दूरस्थ सल्ल्याची सरकारी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्याद्वारे उपकेंद्रावर बसलेला हा अधिकारी रुग्णाची तक्रार नोंदवितो आणि दूरच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतो. आता त्या सेवेत तक्रारी नीट नोंदविण्यास साहाय्य करणारी आणि संभाव्य निदान सुचविणारी एआय प्रणालीही आली आहे. मधुमेही डोळ्यांसाठी दिल्लीच्या एम्सच्या सहभागाने 'मधुनेत्र एआय' तयार झाले असून तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ते वापरता यावे हा त्याचा हेतू आहे. क्षयरोगासाठी छातीच्या क्ष-किरण चित्राचे संगणकाद्वारे वाचन करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या तपासणीपुरती, मान्यता दिली. अशी यादी वाढतच जाईल. ती येथे लांबविण्यात अर्थ नाही.

थायलंडच्या त्या अकरा दवाखान्यांतून मिळालेला बोध मात्र या सर्वांना लागू आहे, आणि महाराष्ट्राला तर विशेषच. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडपासून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात डोंगरातील पाड्यावरून रस्त्यापर्यंत येणे हाच एक प्रवास आहे. अशा ठिकाणी यंत्राने 'पुढे पाठवा' असे सांगितले तर तो शब्द पाळावयाचा कोणी आणि कोणाच्या पैशाने? थायलंडच्या त्या ७,६५१ रुग्णांच्या अभ्यासात २,४१२ जणांना, म्हणजे साधारण ३१ टक्के लोकांना, या ना त्या कारणाने पुढे पाठवावे लागले होते. काहींना विकारामुळे, काहींना छायाचित्र न वाचल्यामुळे, काहींना नजर कमी भरल्यामुळे. शिबिराचे नियोजन करणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. हजार मधुमेही तपासले आणि त्यांतील तीनशे जणांना चिठ्ठी मिळाली, तर त्या तीनशेंचे काय करावयाचे हे शिबिराच्या आदल्या दिवशी ठरलेले असले पाहिजे. दुसऱ्या दिवशी ठरविणे म्हणजे हुंडी लिहून दिल्यावर तिजोरीत काय आहे ते पाहण्यासारखे झाले.

उत्तरदायित्वाचा प्रश्नही टाळता येणार नाही. यंत्राने चूक केली तर ओरडा कोणाच्या दारात होईल? कंपनी परदेशात, डॉक्टर पडद्यावर, आणि गावात उभी असलेली एकटी नर्स. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. माणसाची देखरेख कायम असावी, रुग्णाची संमती घ्यावी, जबाबदारी स्पष्ट असावी, असा त्यांचा आशय आहे. कागदावर हे उत्तम आहे. परंतु दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या परिचारिकेला संमतीचा अर्थ समजावून सांगण्यास वेळ कोण देणार? देखरेख ठेवावयाची तर यंत्राला 'नाही' म्हणण्याचा अधिकार तिला कागदोपत्री मिळाला पाहिजे. तिने यंत्राविरुद्ध निर्णय घेतला तर तो का घेतला, हे लिहिण्यासाठी नोंदवहीत एक रकाना असला पाहिजे, आणि तो रकाना महिन्यातून एकदा डॉक्टरांनी वाचला पाहिजे. यात ती कधी चुकलेली आढळेल, कधी यंत्र. दोन्ही गोष्टी कळणे आवश्यक आहे.

आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची गणना आहे. परंपरेत तो शब्द प्रामुख्याने साधुजनांच्या, त्यातही रुग्ण साधूंच्या सेवेसाठी येतो. शास्त्रकारांनी सेवेला उपकाराच्या खात्यात न टाकता तपाच्या खात्यात टाकले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्या स्त्रिया हे काम पगारासाठी, आणि अनेक ठिकाणी अपुऱ्या पगारासाठी व कंत्राटावर करतात, त्यांच्या शिक्षणावर समाजाने आजवर किती खर्च केला? इमारतीच्या कोनशिलेवर नाव येते, यंत्रावर दात्याची पाटी लागते. परिचारिकेच्या सहा दिवसांच्या प्रशिक्षणावर पाटी कोठे लावणार? म्हणून ते देणगीशिवाय राहते. ही टीका कोणा एका संस्थेवर नाही. दानाच्या सवयीच तशा पडल्या आहेत.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दृष्टिपटलाचा कॅमेरा घेऊन द्यावा असा विचार अनेक न्यासांत चालतो, आणि तो स्तुत्य आहे. मात्र त्या संकल्पाचे अंदाजपत्रक करताना कॅमेऱ्याखालच्या ओळीही लिहाव्यात. परिचारिकांचे प्रशिक्षण, आणि ते एकदाच नव्हे तर दर वर्षी, कारण यंत्राची आवृत्ती बदलते आणि कर्मचारीही बदलतात. इंटरनेट बंद पडल्यास छायाचित्रे साठवून ठेवून नंतर पाठविण्याची व्यवस्था. पुढे पाठविलेल्या रुग्णाचे आणि त्याच्या सोबत्याचे प्रवासभाडे, तेथील जेवण, आणि तो पोहोचला की नाही हे विचारणारा एक माणूस. समाजात निवृत्त मुनीम आहेत, गृहिणी आहेत, फोनवर गोड बोलणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. हे शेवटचे काम त्यांच्याहून चांगले कोण करील? वही घ्यावी, तीन रकाने आखावेत : चिठ्ठी दिल्याची तारीख, रुग्णालयात पोहोचल्याची तारीख, उपचार झाल्याची तारीख. वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना तपासलेल्यांच्या संख्येऐवजी तिसऱ्या रकान्याची बेरीज वाचून दाखवावी. ती लहान असेल. पहिल्या वर्षी तर फारच लहान असेल. तरी तीच वाचावी.

आणि खोलीचा अंधार. ज्या दवाखान्याला कॅमेरा द्यावयाचा तेथे आधी एकाने प्रत्यक्ष जाऊन, भर दुपारी दार लावून, खोलीत किती उजेड येतो ते पाहून यावे. चार फूट रुंद आणि पाच फूट उंच खिडकी असेल तर चारही बाजूंनी वीतभर जादा धरून, जाड काळ्या कापडाचा दुपदरी पडदा शिवावा लागेल. चोपन्न इंची पन्ह्याचे कापड घेतले तर मुडपणीसह सुमारे नऊ मीटर लागते. दाराच्या फटीसाठी निराळी पट्टी घ्यावी. पडदा आधी लावावा, कॅमेरा मागाहून आणावा.